गाडीच्या म्युझिक सिस्टीममधली शिट्टी, खरखर आणि ठप्प: दोष शोधायची रीत

इंजिन बंद असताना गाणं स्वच्छ वाजतं. गाडी सुरू केली की गाण्यामागून बारीक शिट्टी डोकावते, आणि ॲक्सिलरेटरवर पाय पडला की तीही वर वर चढत जाते. गाडीत वेगळा ॲम्प्लिफायर बसवलेल्यांना हा प्रकार नवा नाही. यावर बहुतेक जण करतात तेच मीही केलं होतं. आधी एक फिल्टर आणला, मग दुसरा, मग जाडजूड महाग आरसीए केबल (स्टिरिओपासून ॲम्पपर्यंत गाण्याचा सिग्नल नेणारी). शिट्टी जागच्या जागी. शेवटी दोष निघाला डिकीतल्या एका बोल्टखाली: अर्थची वायर, म्हणजे करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत नेणारी, रंगाच्या थरावरच कसली होती. दहा मिनिटांचं काम, आणि त्यापायी तीन रविवार गेले.

गेले याचं कारण, मी शोधत नव्हतोच. अंदाजाने वस्तू बदलत होतो. शोधायची रीत वेगळी आहे. सिग्नल जिथून जिथपर्यंत जातो ती साखळी मध्येच तोडायची, आवाज अलीकडून येतोय की पलीकडून ते ऐकायचं, आणि जो भाग संशयित ठरला तो पुन्हा मध्ये तोडायचा. चार-पाच वेळा असं केलं की दोष एखाद्या वायरीवर किंवा एखाद्या जोडावर येऊन थांबतो. तोवर खिशात हात घालायचा नाही.

हाताशी काय हवं

साधा डिजिटल मल्टिमीटर, एखादा जुना पण चालू स्पीकर, तीन-चार मीटर वायर, पॉलिश पेपर, पाने, आणि दोन सुटे आरसीए प्लग. या प्लगांची मधली पिन आणि बाहेरची कडी आतल्या आत छोट्या वायरीने जोडून टाका. हे झाले तुमचे ‘मुके प्लग’. अख्ख्या तपासणीत सर्वांत उपयोगी पडणारी वस्तू हीच.

हात घालण्याआधी चार गोष्टी. डॅशबोर्ड उघडायचा किंवा बॅटरीची जाड वायर हाताळायची तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. पिवळ्या आवरणातल्या वायरी आणि कनेक्टर सहसा एअरबॅगचे असतात, त्यांना मीटरची सुईसुद्धा लावू नका. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी केबलींपासून तर लांबच राहा. इंजिन चालू ठेवून ऐकायचं असेल तेव्हा गाडी मोकळ्या हवेत उभी हवी, बंद गॅरेजमध्ये नाही. आणि इंजिन चालू असताना बॅटरीची वायर कधीही काढू नका. अल्टरनेटरचा भार अचानक सुटला की व्होल्टेज क्षणात कित्येक पट उसळतं आणि गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स जळू शकतात.

पाना उचलण्याआधी कान लावा

पहिला अर्धा तास नुसतं ऐका आणि लिहून ठेवा. गाडी उभी, गाणं थांबवलेलं, सिस्टीम चालू.

आधी किल्ली ॲक्सेसरीवर. इथेच आवाज असेल तर इंजिनाचा त्यात काही संबंध नाही. मग इग्निशन चालू, इंजिन बंद. आता एका सुरात, न बदलणारी घूं ऐकू आली तर इंधन पंपाकडे किंवा एखाद्या कंट्रोल युनिटकडे बोट जातं. बऱ्याच गाड्यांत पंप दोन-तीन सेकंद चालून थांबतो. त्याबरोबर आवाजही थांबला तर उत्तर तिथेच मिळालं. मग इंजिन सुरू करा. आरपीएमबरोबर चढणारी-उतरणारी शिट्टी म्हणजे अल्टरनेटर. पेट्रोल गाडीत आरपीएमबरोबर जलद होणारी टकटक म्हणजे इग्निशन: स्पार्क प्लग, कॉइल किंवा त्यांच्या वायरी.

त्यानंतर एकेक उपकरण चालू-बंद करून बघा. एसीचा ब्लोअर, वायपर, इंडिकेटर, मागच्या काचेचा हीटर, फोनचा चार्जर, डॅशकॅम. चार्जर इथे सारखा सापडतो. स्वस्त चार्जरमधलं स्विचिंग सर्किट गोंगाट करतं, आणि कित्येकदा सगळी कटकट तो सॉकेटमधून उपटला की मिटते.

आता सर्वांत महत्त्वाची चाचणी, व्हॉल्यूमची. आवाज तसाच येत असताना व्हॉल्यूम शून्यावर आणा. नको असलेला आवाजही सोबत कमी झाला, तर तो व्हॉल्यूमच्या आधी शिरतोय: रेडिओ, ऑक्स, फोन. व्हॉल्यूम शून्यावर असूनही तो तेवढाच राहिला, तर तो नंतर शिरतोय: हेड युनिटचं (डॅशबोर्डमधल्या स्टिरिओचं) आउटपुट, आरसीए केबल, ॲम्प किंवा स्पीकरच्या वायरी. एक बटण फिरवलं आणि निम्मी गाडी संशयातून सुटली.

शिट्टीच का येते

थोडं विज्ञान, कारण ते कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर, तीन फेजचा एसी (दिशा बदलत वाहणारा करंट) तयार करतो आणि आतले डायोड त्याचा डीसी (एकाच दिशेचा करंट) करतात. पण तो बॅटरीसारखा सपाट डीसी नसतो, त्यावर लहान लहान लाटा उरतात. नेहमीच्या बारा पोलच्या अल्टरनेटरमध्ये रोटरच्या एका फेऱ्यात अशा ३६ लाटा येतात. इंजिन ८०० आरपीएमवर असताना पुलीमुळे अल्टरनेटर त्याच्या अडीच पट, म्हणजे २००० आरपीएमने फिरत असेल, तर सेकंदाला साधारण १२०० लाटा. १२०० हर्ट्झ म्हणजे कानाला सरळसरळ शिट्टी. इंजिन २४०० वर नेलं की तीच ३६०० हर्ट्झवर जाते.

लाटा प्रत्येक गाडीत असतात, शिट्टी प्रत्येक गाडीत नसते. फरक अर्थिंगचा. हेड युनिटचं अर्थ डॅशबोर्डमागे, ॲम्पचं डिकीत. मधल्या पत्र्यातून ब्लोअर, दिवे, पंप सगळ्यांचा करंट परतत असतो, त्यामुळे या दोन ठिकाणी काही मिलिव्होल्टचा फरक पडतोच. आरसीए केबलची जाळी, म्हणजे मधल्या तारेभोवतीचं धातूचं आवरण, ही दोन टोकं जोडते, आणि तो फरक त्या जाळीतून वाहू लागतो. ॲम्पला काय कळणार, तो त्यालाही गाणंच समजतो आणि मोठं करून स्पीकरला देतो. गाण्यातल्या हळुवार जागांचा सिग्नलही काही मिलिव्होल्टचाच असतो, म्हणून पाच मिलिव्होल्टची घाणसुद्धा उघड ऐकू येते.

पहिली तोड: ॲम्पच्या तोंडाशी

सिस्टीम पूर्ण बंद करा. ॲम्पच्या इनपुटमधून आरसीए केबल काढा आणि त्या जागी मुके प्लग खुपसा. ते ॲम्पच्याच इनपुटला लावायचे. हेड युनिटच्या आउटपुटला लावलेत तर ते आउटपुट शॉर्ट होईल. सिस्टीम आणि इंजिन सुरू करा, रेस द्या.

शांतता झाली? मग ॲम्प, त्याची पॉवर आणि स्पीकरच्या वायरी निर्दोष धरा. आवाज केबलमधून किंवा तिच्या मागून येतोय. शिट्टी तशीच राहिली? मग ॲम्पच्या पुढे किंवा ॲम्पपाशीच काहीतरी आहे. दोन्ही वाटा वेगळ्या आहेत.

शिट्टी राहिली तर

सिस्टीम बंद करून स्पीकरच्या वायरी ॲम्पमधून काढा आणि जुना स्पीकर आखूड वायरीने थेट ॲम्पला लावा. आता शांत असेल तर दोष स्पीकरच्या वायरीत. बहुधा दरवाजाच्या फटीत सोललेली वायर पत्र्याला टेकत असते, किंवा ती बॅटरीच्या जाड वायरीला चिकटून लांबवर गेलेली असते. वायर पत्र्याला लागतेय का ते तिची दोन्ही टोकं मोकळी करून मीटरने लगेच कळतं.

जुन्या स्पीकरवरही शिट्टी असेल तर अर्थ तपासायचं. इथे बहुतेकांची फसगत होते. मीटर ओहमवर ठेवतात, अर्थच्या वायरीच्या दोन टोकांना लावतात, ‘शून्य पॉइंट तीन ओहम, उत्तम!’ म्हणतात आणि पुढे जातात. तेवढा रेझिस्टन्स तर मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच असतो. ॲम्प २० अँपिअर खेचत असेल तर अवघ्या ०.०५ ओहमच्या खराब जोडावर एक पूर्ण व्होल्ट पडतो, आणि ०.०५ ओहम साध्या मीटरला दिसतच नाही.

म्हणून व्होल्टेज मोजा, आणि तेही करंट वाहत असताना. मीटर डीसी मिलिव्होल्टवर, गाणं मोठ्याने लावलेलं. एक टोक ॲम्पच्या निगेटिव्ह टर्मिनलवर, दुसरं त्या अर्थ-बोल्टशेजारच्या उघड्या, चकचकीत पत्र्यावर. काही मिलिव्होल्ट ते वीस-तीस मिलिव्होल्ट, एवढंच यायला हवं. मग लांब वायर घेऊन तोच पत्रा आणि बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल यांच्यामध्ये मोजा. इथे साधारण ०.१ व्होल्टच्या आत असलं की निर्धास्त. पहिल्या मापात घोळ असेल तर बोल्ट किंवा लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) खराब. दुसऱ्यात असेल तर बॅटरी ते बॉडी किंवा इंजिन ते बॉडी ही वायर सैल किंवा गंजलेली.

माझ्या मापात बोल्टपाशीच ६०० मिलिव्होल्टच्या वर आकडे नाचत होते. बोल्ट काढला तर लगच्या पितळेवर गोल छाप होती, पण ती रंगाची! धातूला धातू फक्त बोल्टच्या आट्यांमधून लागत होता. पॉलिश पेपरने नाण्याएवढी जागा पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासली, लग थेट पत्र्यावर ठेवला, वर दातेरी वॉशर घातला, आवळला, आणि गंज चढू नये म्हणून बाहेरून ग्रीस लावलं. आकडा १२ वर आला. शिट्टी गेली.

अर्थची वायर पॉवरच्या वायरीएवढीच जाड हवी आणि शक्यतो ४५ सेंटीमीटरच्या आत. सीटबेल्टचा बोल्ट मात्र अर्थसाठी वापरू नका. तो माणसाचा जीव धरून ठेवणारा बोल्ट आहे, त्याच्याखाली वॉशर आणि लगांचा थर नको. नवीन भोक पाडणार असाल तर आधी गाडीखाली वाकून बघा. पत्र्यापलीकडे इंधनाची टाकी किंवा ब्रेकची नळी असू शकते.

शिट्टी गेली तर

मुके प्लग लावल्यावर शांत झालं, म्हणजे मागे जायचं. केबल पुन्हा ॲम्पला लावा, पण तिचं हेड युनिटकडचं टोक सोडवा आणि त्या मोकळ्या टोकांची पिन व कडी एकमेकांना जोडा. अजून आवाज येत असेल तर केबल रस्त्यात तो गोळा करतेय. पॉवरची वायर आणि आरसीए केबल एकाच बाजूने नेणं हे त्याचं नेहमीचं कारण. एक डावीकडून, दुसरी उजवीकडून न्या. ओलांडावंच लागलं तर काटकोनात. नवीन केबल घ्यायची झाली तर पीळ घातलेल्या जोडीची घ्या. जाड रबरी आवरणाचा दिमाख चुंबकीय गोंगाटाला अडवत नाही, पीळ अडवतो.

केबलही शांत निघाली तर मामला हेड युनिटचा. इथे दोष लपून बसायची एक खास जागा आहे. पुष्कळ हेड युनिटांमध्ये आरसीएची बाहेरची कडी आतल्या अर्थला तांदळाच्या दाण्याएवढ्या फ्यूजमधून किंवा सर्किट बोर्डावरच्या केसासारख्या तारेतून जोडलेली असते. ॲम्प चालू असताना कुणी केबल काढली-घातली, किंवा ॲम्पचं अर्थ सुटलं, की सगळा करंट त्या कडीतून धावतो आणि तो फ्यूज उडतो. गाणं वाजत राहतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. फक्त शिट्टी येते, भरपूर येते.

तपासणी सोपी. हेड युनिट बंद, आरसीए मोकळ्या, मीटर ओहमवर. आरसीएची बाहेरची कडी आणि हेड युनिटची धातूची पेटी यांच्यात जवळपास शून्य यायला हवं. मीटर काहीच दाखवत नसेल तर फ्यूज उडाल्याची दाट शंका. खात्रीसाठी एका वायरीचं टोक आरसीएच्या कडीला गुंडाळा, दुसरं पेटीच्या स्क्रूला लावा आणि ऐका. शिट्टी गायब झाली तर निदान झालं. पुढे एक तर फ्यूज दुरुस्त करून घ्या, नाहीतर तीच वायर नीट डाग देऊन कायमची ठेवा. काही हेड युनिटांचं आउटपुट डिफरेन्शियल असतं, म्हणजे सिग्नल अर्थच्या आधाराशिवाय दोन तारांमधल्या फरकातून जातो, तिथे कडी पेटीला जोडलेली नसणं हीच रचना असते. अशा वेळी आधी माहितीपुस्तिका बघावी.

कंपनीच्या स्टिरिओच्या स्पीकर वायरींतून ॲम्पसाठी सिग्नल घेतला असेल तर एक लक्षात ठेवा: आजच्या बहुतेक स्टिरिओंत स्पीकरची निगेटिव्ह वायरही अर्थ नसते, तिच्यावर पाच-सहा व्होल्ट असतात. तिला पत्र्याला जोडून आवाज घालवायला जाल तर स्टिरिओ जाईल.

फोन, ऑक्स आणि चार्जर

फोन चार्जिंगला लावला आणि ऑक्सची वायरही जोडली, की शिट्टी. चार्जर काढला, की शांत. हाही अर्थचाच फेरा आहे, फक्त छोटा: एक अर्थ चार्जरमधून, दुसरं ऑक्सच्या जाळीतून. उपाय तीन. ब्लूटूथ वापरा, यूएसबीतून डिजिटल गाणं द्या, किंवा ऑक्सच्या वाटेत आयसोलेटर घाला. आयसोलेटर म्हणजे एकास एक प्रमाणाचा छोटा ट्रान्सफॉर्मर. सिग्नल पलीकडे जातो, अर्थ जात नाही.

अल्टरनेटरच आजारी असेल तर

सगळी अर्थं घासूनपुसून झाली तरी शिट्टी कमी होत नसेल, किंवा ती शिट्टी न राहता घोगरी झाली असेल, तर अल्टरनेटरचा डायोड बघा. इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू, मीटर एसी व्होल्टवर, सुया बॅटरीच्या टर्मिनलवर. ०.१ व्होल्टच्या आसपास किंवा खाली असेल तर ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर डायोड गेल्याची शक्यता मोठी, आणि मग प्रश्न गाण्यापुरता राहत नाही, बॅटरीही बसते. काही स्वस्त मीटर एसीवर ठेवूनही डीसी मोजतात आणि २८-३० व्होल्ट दाखवतात. घाबरू नका, तो दोष मीटरचा.

फुसफुस

इंजिन असो-नसो, गाण्यांच्या मधल्या शांततेत ट्विटरमधून (बारीक सुरांच्या छोट्या स्पीकरमधून) येणारी सततची फुसफुस म्हणजे जवळजवळ नेहमी चढवलेला गेन. गेन हा आवाज वाढवायचा दुसरा नॉब नाही. हेड युनिट किती व्होल्टचा सिग्नल देतंय, त्याच्याशी ॲम्पचं जमवून घेण्यासाठी तो आहे. हेड युनिट चार व्होल्ट देत असेल आणि ॲम्प पाव व्होल्टच्या अपेक्षेवर ठेवला असेल, तर तो सिग्नलबरोबर फुसफुसही सोळापट वाढवणार.

गेन पूर्ण खाली करा. हेड युनिटचे बास, ट्रेबल, लाउडनेस सगळे शून्यावर. व्हॉल्यूम तीन चतुर्थांश. ओळखीचं, चांगलं रेकॉर्ड झालेलं गाणं लावून गेन हळूहळू वाढवा. आवाज फाटायला लागला की थोडं मागे या. मोजून करायचं असेल तर स्पीकर सोडवून १ किलोहर्ट्झचा टोन लावा आणि ॲम्पच्या आउटपुटवर एसी व्होल्ट मोजा. वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ: ५० वॅट आणि ४ ओहमला १४.१ व्होल्ट. तिथे थांबा. सबवूफरसाठी (खालच्या सुरांच्या मोठ्या स्पीकरसाठी) टोन ५० हर्ट्झचा घ्या.

ठप्प

सिस्टीम बंद-चालू करताना स्पीकर धपकन आदळत असेल तर ॲम्पची रिमोट वायर, म्हणजे त्याला चालू व्हायचा इशारा देणारी, बघा. ती हेड युनिटच्या रिमोट आउटपुटमधूनच यायला हवी, बाजारातल्या हेड युनिटांत ती बहुधा निळी-पांढरी असते. घाईत कुणी ती इग्निशनच्या फ्यूजमधून घेतली असेल तर ॲम्प हेड युनिटच्या आधी जागा होतो आणि त्याचा जागं होतानाचा झटका ऐकवतो.

फक्त रेडिओवर खरखर

बाकी सगळं स्वच्छ आणि फक्त रेडिओ खरखरतोय, तर हेड युनिटमागचा अँटेनाचा प्लग काढा. खरखर थांबली तर ती अँटेनातून, हवेतून येतेय. नंतर बसवलेले एलईडी दिवे, डॅशकॅम आणि चार्जर एकेक करून बंद करून बघा. अँटेनाच्या बुडाशी गंज असेल तर तो घासा. छतावरच्या आखूड अँटेनांत बऱ्याचदा छोटा बूस्टर असतो. नवीन स्टिरिओ बसवताना त्याची पॉवर वायर जोडायची राहून जाते, आणि स्टेशन दुबळं लागलं की खरखर उघडी पडते.

वायरींचा दोष नसलेला आवाज

ठरावीक बासवरच येणारी खडखड वीज नव्हे, पत्रा. मोबाइलवर २० ते २०० हर्ट्झपर्यंत सरकणारा टोन वाजवा आणि दरवाजाच्या पॅनेलवर तळवा दाबून फिरवा. जिथे दाबल्यावर आवाज बंद होतो तिथली क्लिप तुटलेली असते. नंबरप्लेट आणि कप्प्यातली नाणी यांनाही विसरू नका. स्पीकरचा कागद दोन बाजूंनी बोटांनी सारखा दाबून हळूच आत ढकला. खरखरीत घासल्यासारखं लागलं तर कॉइल वाकली आहे, तो स्पीकर बदलायचा.

फिल्टर कधी

आयसोलेटर आणि पॉवर लाइनचे फिल्टर मी अगदी शेवटी ठेवले, कारण ते दोष झाकतात. आरसीएच्या वाटेतला स्वस्त आयसोलेटर बास पातळ करतो, त्याचा छोटा ट्रान्सफॉर्मर खालच्या सुरांना पुरत नाही. सबवूफरच्या वाटेत तो मी कधीच घालणार नाही. गाडी भाड्याची आहे, पॅनेल उघडता येत नाहीत, किंवा आवाज अशा उपकरणातून येतोय की जे बदलता येत नाही, अशा वेळी वापरा.

पॅनेल बंद करण्याआधी एकदा सगळं एकत्र चालवा: इंजिन, हेडलाइट, ब्लोअर, वायपर, चार्जर. रेस द्या, मग गाडी खडबडीत रस्त्यावरून थोडी फिरवून आणा आणि परत ऐका. सैल लग उभ्या गाडीत मूग गिळून बसतो, खड्ड्यात गेला की बोलतो. ते झालं की वायरी टायने बांधा, आणि मुके प्लग कप्प्यात टाकून ठेवा.